सिसिलीतलं देऊळ आणि बाबांचे गुडघे

बाबांना अमेरिकेतली घरं कधी पटली नाहीत. श्रूजबरीला माझ्याकडे आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हे घर हाय का खोकं हाय?" मी सांगितलं की इथे लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर ड्रायवॉलचे पातळ तक्ते ठोकतात. चाळीस वर्षं नागपूरच्या आसपास गवंडीकाम केलेला, मजुराचा मिस्त्री झालेला माणूस. त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला. मला हसू आलं, कारण मीही पोटापाण्यासाठी तेच करते. पुलांच्या तपासणीचं माझं काम आहे. ट्रकच्या पाळण्यात उभं राहून पुलाच्या पोटाला हातोडीने ठोकायचं आणि आवाज पोकळ येतो का ते ऐकायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका आणि काकू राहतात. मूळचे पुण्याचे, इथे येऊन पस्तीसेक वर्षं झालेली, मुलं लांब दुसऱ्या किनाऱ्यावर. सात वर्षांपूर्वी मी या गावात आले तेव्हा काकूंनी मला किराणामालाच्या दुकानात मराठीत फोनवर बोलताना ऐकलं आणि तिथल्या तिथे जेवायला बोलावलं. पुढे बर्फावरून घसरून माझा हात मोडला, तर सहा आठवडे रोज डबा आला. मी एकटी राहते. काकूंचं हे घर मला किती हवं होतं, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

आणखीही एक गोष्ट सांगितली नव्हती. आम्ही बौद्ध. माझे आजोबा नागपूरला दीक्षेला चालत गेले होते, चार वर्षांच्या बाबांना खांद्यावर घेऊन. तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत आणि बाबा देवळात पाऊल टाकत नाहीत. त्याआधी आम्ही कोण होतो ते गावात कोणाला विचारावं लागत नसे, आमची वस्तीच वेशीबाहेर होती. माझं आडनाव मात्र गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. काकू आपल्या मनाने काहीतरी धरून चालल्या आणि मी त्यांना चालू दिलं. गणपतीत त्यांच्याकडे आरतीला मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. मी कधी खोटं बोलले नव्हते, यावर माझं मन समाधान मानत असे.

बाबा आले आणि पहिल्याच जेवणाला काकूंनी विचारलं, "भाऊ, तुमचं कुलदैवत कुठलं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कढीची तारीफ करायला लागले, इतकी की काकांनी मला रेसिपी लिहून घ्यायला कागद आणून दिला. घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "त्यायले मालूम नाही?"

"विषय निघाला नाही, बाबा."

"सात वर्षांत?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून आमच्यात एक नवीनच सभ्यपणा आला. ते मला 'मीठ दे' न म्हणता 'मीठ देतेस का' म्हणायला लागले. मला तो सभ्यपणा रागापेक्षा जड गेला.

सिसिलीची कल्पना काकूंची. त्यांना इतिहासाचं वेड आहे. त्यांच्याकडे एक जाड वही आहे आणि त्या बेटावर कोण कधी येऊन काय बांधून गेलं ते त्यात वर्षानुवर्षं टिपलेलं आहे. "भाऊंना दगडाचं काम बघायला आवडेल," त्या म्हणाल्या, "चौघं जाऊ या." मलाही वाटलं, ड्रायवॉलपासून लांब नेलं तर बाबा जरा मोकळे होतील. बोस्टनहून विमान धरून एप्रिलच्या शेवटी आम्ही पालेर्मोला उतरलो.

आणि बाबा खरंच मोकळे झाले. पहिले दोन दिवस ते दगडांशी बोलत होते म्हटलं तरी चालेल. चर्चमध्ये टोपी काढून आरामात शिरायचे, कमानीखाली उभे राहून वर बघायचे, सांध्यावरून अंगठा फिरवायचे आणि चुना चाखल्यासारखा चेहरा करायचे. मुख्य चर्चच्या दाराशी एक खांब आहे, त्यावर अरबी अक्षरं कोरलेली. काकूंनी वही उघडून सांगितलं की हा आधीच्या मशिदीचा खांब, वर कुराणातली ओळ आहे, पुढच्यांनी तो तसाच चर्चला लावला. काकूंना त्यात मोठा अर्थ दिसत होता, सहिष्णुता वगैरे. बाबांनी खांबाला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"चांगला खांब कोण फेकते, ताई? आमच्याकडेही जुन्या घराची सागवानी चौकट नव्या घराले लावतात."

काका खळखळून हसले. काकूंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. रात्री जेवताना बाबा काकूंना ओळंबा कसा धरायचा ते काट्याला दोरा बांधून दाखवत होते. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

तिसऱ्या दिवशी मी भाड्याची गाडी काढली आणि आम्ही सेजेस्ताला निघालो. टेकड्यांमध्ये एकटंच उभं असलेलं ग्रीक पद्धतीचं मंदिर, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्या वरच्या डोंगरावर एक उघडं नाट्यगृह. काकू सकाळपासून 'आज देऊळ, आज देऊळ' असा जप करत होत्या. मी गाडी चालवत होते आणि वळणांवर लक्ष होतं. मागच्या सीटवर बाबा गप्प झालेत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तिकीट काढून आत गेलो तर डावीकडे पायवाट देवळाकडे चढत होती. वर पिवळट दगडाचे खांब दिसत होते, चहूबाजूंनी रानबडीशेप आणि पिवळी फुलं. बाबा झाडाखालच्या बाकावर बसले.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "मी बसतो इथंच."

"अहो भाऊ, असं काय करता!" काकू म्हणाल्या. "इतक्या लांब येऊन देऊळ नाही बघायचं?"

"नाही ताई, मी देवळात..."

आणि मी मधेच बोलले. "बाबांचे गुडघे दुखतायत, काकू. काल खूप चालणं झालं ना."

इतकं सफाईने खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. बाबांचं तोंड वाक्याच्या मध्यावर उघडं राहिलं, मग मिटलं. काकूंचा जीव तर लगेच कासावीस झाला. त्यांच्या पर्समध्ये अख्खं औषधाचं दुकान असतं, त्यातून त्यांनी स्वतःचा नी कॅप काढला. "आधी का नाही सांगितलं? अगं, तू तरी सांगायचं!" काकांनी वाकून तो बाबांच्या पँटवरून गुडघ्यापर्यंत चढवला. काकू तिकीटवाल्याकडे व्हीलचेअर आहे का विचारून आल्या. बाबा एकाहत्तर वर्षांचे, अजूनही सिमेंटची गोणी उचलतील असे. ते तो पट्टा लावून घेत बसले होते, पाहुण्याकडे न आवडलेली भाजी खातात तसे, आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते.

मी काकूंबरोबर वर गेले. देऊळ खरोखर सुंदर आहे. छप्पर नाही, आतला गाभारा नाही, नुसते खांब आणि त्यांच्यावर तुळया, आणि पलीकडे दरी. भोवती दोरी बांधलेली, आत कोणाला सोडत नाहीत. काकू वहीतून वाचत होत्या की हे बांधकाम अर्धवट राहिलं, मूर्ती बहुधा कधी बसलीच नाही. मी ऐकत नव्हते. खाली बाकावर एक माणूस बसलेला दिसत होता, त्याच्या गुडघ्यावर माझं खोटं बांधलेलं होतं. मला माझी लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून राग आला, आणि राग बाबांवरच आला. एका पडक्या देवळापुरतं आले असते तर काय बिघडलं असतं?

खाली उतरलो तर बाक रिकामा. वरच्या नाट्यगृहाकडे जायला शटल बस आहे. तिच्या ड्रायव्हरने डोंगराच्या रस्त्याकडे हात केला आणि दोन बोटांनी चालणारा माणूस करून दाखवला.

"चालत?" काकू किंचाळल्या. "त्या गुडघ्यांनी?"

"तुम्ही बसने या," मी म्हटलं, "मी गाठते त्यांना."

गाठायला मला बराच वेळ लागला. रस्ता चांगलाच चढाचा आहे आणि बाबा एका लयीत, हात मागे बांधून चालले होते. हातात नी कॅप. मी धापा टाकत त्यांच्या बरोबरीने आले.

"बाबा, हे काय चालवलंय?"

"काही नाही. माह्ये गुडघे चांगले हायेत, ते पाहून राह्यलो."

"मी तुम्हाला वाचवायला बोलले."

ते थांबले. रस्त्याच्या कडेला एक शेळी चरत होती, तिच्याकडे बघत बोलायला लागले. "हे पाह्य, पोरी. सात वर्षं तू त्यायले नाही सांगितलं. मी म्हटलं, एकटी राहते, तिची मर्जी. मी नाही बोललो. पण आज मी माह्या तोंडानं सांगत होतो. तू माह्या तोंडावर हात ठेवला."

"मला भीती वाटते," मी म्हटलं. मग एकदा सुरू झालं ते थांबेना. पुण्याच्या हॉस्टेलची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. नावापुढे प्रवर्ग लिहिलेली स्कॉलरशिपची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या रूममेटने लोणच्याची बरणी कुलपात ठेवायला सुरुवात केली. बोलणं तेच, हसणं तेच, फक्त बरणी कुलपात. काकूंच्या घरी तसं झालं तर मी कुठे जाऊ? त्यांचा आवाज नुसता एवढासा बदलला तरी मला कळेल, बाबा. आवाज ऐकणं हेच माझं काम आहे.

बाबांना बरणीचं ऐकून दुखलं, ते दिसत होतं. पण त्यांनी मला सूट दिली नाही.

"तुले वाटते तू जात लपवली," ते म्हणाले. "तू मले लपवलं."

मी रडले. भर उन्हात, शेळीसमोर, अडतीस वर्षांची बाई. शटल बस आमच्या शेजारून गेली आणि खिडकीतून काकू दोन्ही हात हलवून 'बसा, बसा' करत होत्या. बाबांनी रुमाल दिला आणि पुन्हा चालायला लागले.

नाट्यगृह म्हणजे डोंगराच्या कुशीत कोरल्यासारख्या दगडी पायऱ्यांचा अर्धगोल. समोर दरी, दरीत हायवेचा लांबलचक पूल, पार टोकाला समुद्राची रेघ. एरवी मी तो पूल बघत बसले असते. काका आणि काकू खालच्या पायरीवर बसले होते. बाबा थेट त्यांच्यापाशी गेले आणि नी कॅप घडी करून काकूंच्या हातात दिला.

"ताई, हे तुमचं. माझे गुडघे ठणठणीत आहेत."

काकूंशी बोलताना ते सहसा जपून, पुस्तकी बोलतात. एवढं बोलून ते माझ्याकडे वळले नाहीत. बाजूला जाऊन एका पायरीची धार तपासायला लागले. मला ओरडून सांगितलं असतं तरी इतकं स्पष्ट कळलं नसतं.

"काकू, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "बाबा देवळात जात नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. दीक्षेच्या आधी आम्हाला गावातल्या देवळात येऊ देत नव्हते. मी हे तुम्हाला सात वर्षं सांगितलं नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आम्ही नाही गं मानत असलं काही," काकू म्हणाल्या. हे वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. मग त्यांचा चेहरा उतरला. "सात वर्षं माझ्या हातचं जेवतेस. आणि मी तुला तसली वाटले?"

"तशा वाटला नाहीत. तशा निघालात तर, असं वाटायचं. म्हणून मी बघितलंच नाही."

"गणपतीला येऊन उभी राहायचीस ना! मी तुला उभी करायचे आरतीला!" त्या माझ्यावर रागावल्या होत्या आणि स्वतःवरही, दोन्ही एकाच आवाजात. "एकदा सांगायचं होतंस, यार!" काकूंच्या तोंडी 'यार' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुम्हीही विचारलं नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही कुलदैवत विचारलंत."

काकांनी हळूच विचारलं, "भाऊ, येऊ देत नव्हते म्हणजे, तुम्ही स्वतः बघितलंय?"

बाबा येऊन काकांच्या शेजारी बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मीही तुकड्यातुकड्यांनीच ऐकलेलं होतं. गावाने नवीन देऊळ बांधायचं ठरवलं तेव्हा खाणीतून दगड आणायचं काम आमच्या वस्तीवर आलं, वेठीचं. माझे आजोबा त्यात होते. दोर बांधून, पहारी लावून त्यांनी चौथऱ्याचा दगड न् दगड बसवला. एक दगड पायावर पडला, दोन बोटं गेली. चौथरा पुरा झाल्यावर गावाने तो धुऊन घेतला, कारण तो आमच्या हातचा होता. त्यानंतर आजोबा त्या चौथऱ्यावर कधी चढले नाहीत. चढू दिलं नाही.

"बाप मला रस्त्यावरून दाखवायचा," बाबा म्हणाले, "म्हणायचा, कोपऱ्यातला तो मोठा दगड माझा आहे."

काकू खाली बघत होत्या. "आमच्या घराण्याचं देऊळ आहे, कोकणात," त्या म्हणाल्या. "मी लहानपणी त्याच्या चौथऱ्यावर सागरगोटे खेळलेय. तो कोणी बांधला, मला माहीत नाही. आत्तापर्यंत हे मनातसुद्धा आलं नव्हतं."

शटल पुन्हा वर आली तेव्हा काकूच उठल्या आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, त्या खालच्या देवळात आत कोणालाच सोडत नाहीत. दोरी बांधलीय. आम्ही पण बाहेरूनच बघून आलो."

"असं?" बाबा म्हणाले. "सगळ्यांनाच बाहेर?" आणि ते हसायला लागले. इतके हसले की काकांनाही हसू फुटलं. "चला मग. असं देऊळ मला बघायचंच आहे."

दोरीपाशी पोहोचल्यावर त्यांनी खांबांकडे एकदाच पाहिलं आणि नजर खाली पायऱ्यांवर गेली. पायऱ्यांच्या दगडांना जागोजागी मुठीएवढे उंचवटे होते, दगडातूनच बाहेर आलेले. काकूंना ती नक्षी वाटली होती. बाबा दोरीवरून वाकले.

"नक्षी नाही, ताई. हे दोर अडकवायला ठेवलेत. दगड उचलताना दोर निसटू नये म्हणून. दगड जाग्यावर बसला की छन्नीनं छाटून टाकायचे आणि तोंड साफ करायचं. हे छाटलेच नाहीत." त्यांनी हवेत हात धरून, न दिसणारा दोर न दिसणाऱ्या उंचवट्याला घालून दाखवला. "कोणीतरी काम थांबवायला सांगितलं असेल. माणसं अशीच सोडून गेली."

शेजारी टोपी घातलेली एक अमेरिकन बाई उभी होती, ओहायोची. तिला बाबांचे हात बघून कुतूहल वाटलं असावं. हे गृहस्थ काय सांगतायत, असं तिने विचारलं. काकूंनी दोराचं आणि छन्नीचं सगळं इंग्रजीत सांगितलं. ऐकायला आणखी दोघंतिघं जमली. ती बाई म्हणाली, हे आर्किऑलॉजिस्ट आहेत का? काकूंनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"नाही, गवंडी आहेत," मी म्हटलं. "माझे वडील. त्यांच्या वडिलांनी असेच दगड एका देवळासाठी वाहिले. मग त्यांना त्या देवळात येऊ दिलं नाही. आमची जात अस्पृश्य मानायचे." हे सगळं मी इंग्रजीत, चांगलं मोठ्याने सांगितलं. बाबांना सगळे शब्द कळले नसतील. कोणाबद्दल बोलतेय ते कळलं. त्यांनी टोपी सारखी केली.

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने बाबांकडेच बघून विचारलं, आता देतात का आत येऊ?

काकूंनी मराठीत विचारलं.

"देतात की, ताई," बाबा म्हणाले. "आता मीच जात नाही."

काकूंनी त्या बाईकडे वळून ते एकही शब्द न गाळता सांगितलं.